काकीची हरकत

पीएच.डी.ची शेवटची तोंडी परीक्षा आमच्या विद्यापीठात खुली असते. कोणीही येऊन बसावं असं पत्रकात छापलेलं असतं आणि कोणी येत नाही. विभागातले चार शिक्षक, पुढे ज्यांची पाळी येणार ते संशोधक आणि आलुबोंड्याच्या वासावर आलेली काही मंडळी, एवढाच श्रोतृवर्ग. माझ्या परीक्षेला मात्र कुरखेड्याकडून दोन काळीपिवळ्या जीपा भरून माझं गाव गडचिरोलीला आलं.

बोलावलं मीच होतं, मोठ्या तोऱ्यात. विषयच त्यांचा होता. आमच्या गावाची सभा निर्णय कसा घेते, यावर मी प्रबंध लिहिला होता. आमच्याकडे हात वर करून मतं मोजत नाहीत. सगळ्यांना पटेपर्यंत बोलत राहायचं. एकालाही पटलं नाही तर विषय पुढच्या सभेत. बांबू असो, तेंदूपत्ता असो की तळ्यातली मासोळी, कायदा हाच. प्रबंध चांगला झाला होता आणि तो चांगला झालाय हे मला माहीत होतं. उगाच लाजत बसण्याचा माझा स्वभाव नाही.

तिसरं प्रकरण बायकांवर होतं. त्यात मी लिहिलं होतं, ‘सभेत बायका हजर असतात, बोलत नाहीत.’ माझे मार्गदर्शक म्हणाले, ‘सहसा’ हा शब्द घाला, वाक्य जरा मऊ होईल. मी घातला नाही. मी एकही सभा चुकवली नव्हती आणि माझे कान शाबूत होते.

परीक्षक बाहेरच्या विद्यापीठातले, शांत आणि खोल वाचन असलेले. त्यांनी पद्धतीबद्दल विचारलं, पुराव्यांबद्दल विचारलं, दोनदा कोपऱ्यातही गाठायला पाहिलं. मी सापडले नाही. शेवटी त्यांनी फाईल मिटता मिटता रिवाजाप्रमाणे विचारलं, “सभागृहातून कुणाला काही म्हणायचं आहे?”

हे विचारायचं असतं म्हणून विचारतात. आमच्या गावाला ते कसं ठाऊक असणार? तिसऱ्या रांगेतून माझी काकी उठली. सख्खी काकी. तिच्या जिभेला आमचा सगळा टोला, म्हणजे पाडा, टरकून असतो. कोंबडी कुणाचीही असो, भांडण तीच जिंकते.

“मले म्हणाचं आहे,” ती म्हणाली. “पोरीनं आता वाचून दाखवलं ना, का आमी बाया सभेत बोलत नाई, ते खोटं आहे. मले नाई पटलं.”

आणि ती खाली बसली. मग आमची सभा चालवणारा म्हातारा उठला, खांद्यावरचा दुपट्टा सारखा केला आणि परीक्षकांना हात जोडून म्हणाला, “साहेब, एका बाईले पटलं नाई. आता हा विषय पुढच्या सभेत घ्या लागते.”

विद्यापीठाची माणसं हसली. गाव हसलं नाही. मागच्या रांगेतल्या दोघी तर पिशव्या आवरायला लागल्या.

माझ्या मार्गदर्शकांनी घाम पुसत माझ्या कानात सांगितलं, “आभार मानून मोकळ्या व्हा.” पदवी मला मिळणार होतीच, ते परीक्षकांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पण काकी ‘नाई’ म्हणत असताना ती घेऊन मी गावात कोणत्या तोंडानं गेले असते? एकमतावर प्रबंध लिहायचा आणि आपल्याच घरच्या बाईला डावलून तो मंजूर करून घ्यायचा, हे मला जमणारं नव्हतं. वाक्य मागे घेणंही जमणारं नव्हतं, कारण ते खरं होतं.

“सर, थोडा वेळ द्या. मी तिला पटवते,” असं परीक्षकांना सांगून मी मंचावरून खाली उतरले.

“काकी, तू सभेत कदी बोलली?”

“मी काऊन बोलू वं? तुझा काका मले इचारूनच सभेत जाते. त्याच्या तोंडून मीच बोलतो.”

बायकांनी माना डोलावल्या. परीक्षकांनी ते टिपून घेतलं. उत्तर जोरदार होतं. मला तिचा अभिमानच वाटला. पण मीही तिचीच पुतणी.

“मंग फळी कुठी लावाची, ते काकाले काय सांगतलं होतं?”

फळी म्हणजे तेंदूपत्त्याचे पुडे जिथे नेऊन द्यायचे ती जागा.

“नाल्यापाशी. तिथी सावली आहे, पानी आहे.”

“आन लागली कुठी?”

“सडकेवर,” काकी म्हणाली. तिचा आवाज उतरला होता. त्या उन्हाळ्यात डोक्यावर पानांचं ओझं घेऊन सगळ्या बाया उघड्या सडकेपर्यंत चालल्या होत्या आणि घरी येऊन उन्हाला शिव्या देत होत्या.

“काकानं तुझं म्हणणं सभेत सांगतलंच नाई. माझ्या कानानं आयकलं. इचार त्याले.”

सगळ्या माना काकाकडे वळल्या. नवा शर्ट घालून आलेला काका छताचा पंखा बघत होता.

“इसरलो होतो,” तो म्हणाला. “समद्यायनं सडक म्हणलं, मीबी हो म्हणलं.”

“इसरलो?” काकी ताडकन उठली. “पाय माझे भाजले आन तू इसरला?”

मग ती थांबलीच नाही. कोण भोवळ येऊन पडली, कोण लेकराला कडेवर घेऊन चालली, सडकेवर पाणी द्यायला कुणी कसं नव्हतं, सगळं तिनं गावातून आलेल्या एकूणएक पुरुषासमोर सांगितलं. म्हातारा मध्ये बोलायला गेला तर म्हणाली, “थांबा भाऊ, माझं झालं नाई.” तो थांबला. बाकीच्या बायाही “हो ना, हो ना” करत उभ्या राहिल्या. एवढ्या वर्षांच्या सभांत मी हे एकदाही ऐकलं नव्हतं.

तिचं झाल्यावर म्हाताऱ्यानं रीतसर विचारलं, “तं मंग पोरीनं लिवलं ते मंजूर का नाई?”

काकीनं माझ्याकडे बघितलं. “मंजूर. पोरीनं खरं लिवलं,” ती म्हणाली आणि माझ्यावर बोट रोखलं. “पन आयकून ठेव. पुढच्या साली तुझं हे वाक्य मी खोटं करतो.”

परीक्षकांनी सह्या केल्या, आलुबोंडे संपले, गाव काळीपिवळीत बसून परत गेलं. काका पुढे ड्रायव्हरपाशी बसला.

पुढच्या हंगामाच्या सभेला मी मुद्दाम गेले. फळीचा विषय निघाला तशी काकी उठली आणि सडकेला ‘नाई’ म्हणाली. तिच्या मागून आणखी बायका बोलल्या. फळी नाल्यापाशी लागली.

माझा प्रबंध आता विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. मी त्याच विभागात शिकवते, आणि मुलं संदर्भासाठी तो मागायला आली की आधीच बजावते, तिसऱ्या प्रकरणातलं ते वाक्य उचलू नका. ते खोटं आहे. माझ्या काकीनं केलंय.