उजव्या खोक्याचा कौल

जत्रेच्या दुसऱ्या दिवशी देवळात आवराआवर चालली होती, तेव्हा माझा भाचा ओमकार चार माणसांसमोर आपल्या बापाला म्हणाला, "बाबा, गाऱ्हाण्याच्या शेवटाक तुमचो आवाज फाटता." तेव्हापासून बाप त्याच्याशी बोलत नाही. मोहर गळून कैऱ्या धरल्या, तरी नाही.

मी तुळसा, त्याची आत्या. माझं लग्न याच वाडीत झालं, त्यामुळे माहेरचं भांडण ऐकायला मला फक्त मधला दगडी गडगा ओलांडावा लागतो. बाप म्हणजे माझा भाऊ हरिश्चंद्र. गावाचं गाऱ्हाणं घालायचा मान त्याचा. देवासमोर उभं राहून गावासाठी मागणं मागायचं आणि प्रत्येक मागण्याला मागच्या लोकांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. व्हय म्हणणारं कोणी नसेल तर मागणं देवाला पोचत नाही, अशी रीत. अशा माणसाला आवाज फाटतो म्हणणं म्हणजे सुगरणीच्या पंगतीत बसून तिचं सार पाणचट म्हणण्यासारखं.

ओमकार मालवणच्या बाजारात मिक्सर आणि पंखे दुरुस्त करतो, तो पोटासाठी. जीव सगळा स्पीकरांत. फणसाच्या फळ्यांची दोन खोकी त्याने स्वतः केली. रोज संध्याकाळी त्यांच्यासमोर बसतो, उठून एक खोकं बोटभर सरकवतो, परत बसतो. एक गाणं धड पुरं ऐकेल तर शपथ. जत्रेचं गाऱ्हाणंही त्याने मोबाइलवर घेतलं होतं. मोबाइल देवाच्या उंबऱ्याशी ठेवला आणि स्वतः जेवायला गेला. त्याच खोक्यांवर ते ऐकून त्याने बापाचा निकाल लावला.

मग माझा टपालवाला झाला. दोघं एका पाटाच्या अंतरावर, आणि भाऊ मला म्हणणार, "तुळशे, त्येका सांग, भात निवता." पोरगा म्हणणार, "आते, बाबांका सांग, माका भूक नाय." मी ओमकारला बजावलं, चार माणसांत बोललास ना, चार माणसांत चुकलो म्हण, संपव एकदाचं. तर म्हणतो, "माझ्या कानांनी ऐकलंय, आते. तां खोटां कसां म्हणू?" खाण तशी माती, दुसरं काय.

किनाऱ्यावर अनुजा मॅडम मुंबईहून कायमच्या राहायला आल्या आहेत. त्यांचा मिक्सर बिघडला म्हणून ओमकार गेला आणि मिक्सर तसाच काखेत धरून बैठकीच्या दाराशी उभा राहिला. आत माणसाएवढे उंच दोन स्पीकर. त्याने म्हणे त्यांना नमस्कार केला. मॅडमनाही असा माणूस या बाजूला पहिल्यांदाच भेटला असावा. रविवारी ऐकायला ये म्हणाल्या.

पोरगा धावत माझ्याकडे. "आते, थंय बाबांचां गाऱ्हाणां लावतंय. आवाज फाटलो तर तो बाबांचो. नाय फाटलो तर माझी खोकी वायट. मगे चार माणसांत कान धरतंय."

मी निरोप पोचवला. भावाने सुपारी कातरून तोंडात टाकली. मग म्हणाला, "फाटलो, तर गाऱ्हाणां सोडलां. मशिनीचो कौल माका मान्य."

झालं. कौल हा शब्द वाडीत फिरायला वेळ लागत नाही. रविवारी मॅडमच्या दारात एकटा ओमकार जायचा, तर मागे भाऊ, मी, नारळ घेतलेली शेजारची बाबलीवहिनी आणि आणखी अर्धी वाडी. मॅडमनी दार उघडलं आणि परत लावायचा विचार केला, असं मला त्यांच्या तोंडावर दिसलं.

खोलीच्या भिंतींना गाद्या ठोकलेल्या. खुर्ची एकच. "खुर्ची एकच आहे, कारण नीट ऐकू येतं ती जागा एकच असते," मॅडम म्हणाल्या. "आणि इथे ऐकताना बोलायचं नाही."

खुर्ची एकच म्हणजे मान कुणाचा, हे आमच्याकडे शिकवावं लागत नाही. लोकांनी भावाला बसवलं. ज्या जागेची ओमकारने जन्मभर वाट पाहिली तिच्यावर बाप. मला पोराची इतकी दया आली की सांगता सोय नाही. तो बापाच्या पायांशी, दोन गुडघ्यांच्या मधोमध बसला. म्हणे आवाजाची रेषा तीच, फक्त जरा खाली.

तेवढ्यात बाबलीवहिनीने देवाचा कौल घेताना मूर्तीला लावतात तशी जास्वंदीची ओली पाकळी उजव्या स्पीकरला चिकटवली. मॅडमनी ती चिमटीत धरून अशी उचलली, जशी मी सुरवंट उचलते. "रवांदे," वहिनी म्हणाली. "आवाज उजवीकडून इलो तर होय, डावीकडून इलो तर नाय."

आणि आवाज सुरू झाला. उजवीकडून नाही, डावीकडूनही नाही. मधून, जिथे काहीच नव्हतं तिथून, माझा भाऊ गाऱ्हाणं घालायला लागला. वहिनी उठून स्पीकरांच्या मागे बघून आली. "हंय कोण नाय," तिने सगळ्यांना सांगितलं.

"बा देवा म्हाराजा," भाऊ मधून म्हणाला. रेकॉर्डिंगमधले लोक व्हय म्हाराजा म्हणाले आणि खोलीतलेही म्हणाले. देवाचं नाव निघाल्यावर गप्प कसं बसणार? चौथ्या मागण्याला मॅडमही व्हय म्हणाल्या. सगळं ऐकू येत होतं. शेळी ओरडली, कुणीतरी समई सरकवली, आणि मागून बाबलीवहिनी स्वच्छ आवाजात म्हणाली, "तुळशेचां लुगडां बघ, पडद्याचां कापड." मी तिच्याकडे बघितलं. ती छताकडे बघत होती. तिचं मी नंतर काय ते केलं.

गाऱ्हाणं संपलं. आवाज कुठे फाटला नव्हता. लोक पांगल्याची पावलं वाजली. मग ती जागा आली. फणसाच्या खोक्यांतून इथे नुसती घरघर यायची, तिला पोरगा फाटणं म्हणत होता. तो पुढे वाकला.

घरघर नव्हतीच. माझा भाऊ देवाशी एकटा, हळू बोलत होता.

"आणि म्हाराजा, माझ्या झिलाक ह्या खोक्यांचां याड लागलां हा. लोक हसतत, हसांदेत. त्येका जां काय ऐकूचां आसा, तां एकदा त्येच्या कानार पडांदे."

आणि मग काहीच नाही. देवळात मागे व्हय म्हणायला कोणी उरलंच नव्हतं. भाऊ खुर्चीत मान खाली घालून बसला होता. मला रडू आलं, ते मी लपवलं नाही.

"व्हय म्हाराजा," ओमकार म्हणाला.

भावाने त्याच्या डोक्यात टपली मारली.

"उशीर केलंस," तो म्हणाला. मला नाही, त्याला.