पाटीची कड

तिला आत्या म्हणायचा खरा हक्क जगात एकाच माणसाला होता, तिच्या भावाच्या मुलाला. पण दुकानात नाती फुकट वाटली जातात. भाचा आत्या म्हणायचा म्हणून गिऱ्हाइकं म्हणू लागली, मग टेम्पोवाला, आणि शेवटी ॲक्रिलिकच्या शीट विकणारा, तिच्याहून वयाने मोठा असलेला व्यापारीसुद्धा फोनवर “आत्या, माल पाठवू का?” असं विचारू लागला. तिचं खरं नाव कुणाच्या तोंडून ऐकल्याला तिला बरीच वर्षं झाली होती.

दुकान पाट्यांचं. खाली दुकान, वर घर. वडील ब्रशने पाट्या रंगवायचे तेव्हा ते अक्षराची रेघ काढायचे आणि ही शाळेतून आल्यावर आत रंग भरायची. धाकटा भाऊ त्या वेळी बाहेर क्रिकेट खेळत असायचा. वडील गेल्यावर दुकान भावाकडे आलं आणि दुकानातल्या स्टुलासारखी तीही त्याच्याकडे आली. तिचं लग्न दोनदा जमता जमता राहिलं. दुसऱ्या वेळी तर कामाची गर्दी आहे म्हणून भावानेच पाहुण्यांना पुढची तारीख दिली, आणि पाहुणे काही पुढे आले नाहीत. कधी सुट्टी मागितली तर आई म्हणायची, “अगं, आपल्याच दुकानात कसली सुट्टी?” आपलंच आहे, या दोन शब्दांवर त्या घराने तिच्याकडून आयुष्यभर काम काढून घेतलं.

सीएनसी राउटर आणला भाच्याने, हौस म्हणून. जेवणाच्या टेबलाएवढं मशीन. काँप्युटरवर अक्षर काढायचं आणि खाली फिरणारं बिट, म्हणजे धारेचं टोक, ते शीटमधून कापून देतं. पहिले काही आठवडे त्याने किल्ल्यांच्या रिंगा कापल्या, मित्रांची नावं कापली, ढीगभर बिटं मोडली आणि त्याहून जास्त शीट वितळवून ठेवल्या. मग हौस फिटली. मशीनवर धूळ बसायला लागली तेव्हा आत्याने एका फडक्याने ती पुसली आणि हळूच बटण दाबलं. कुणी शिकवलं नाही, चुकत चुकत शिकली. शीटमधून बारीक सालं निघाली तर काम बरोबर, भुगा निघाला तर बिट बोथट. आवाज जड झाला की प्लास्टिक वितळून बिटाला चिकटतंय, लगेच थांबवायचं. पुढे पुढे ती शेजारच्या खोलीतून नुसत्या आवाजावरून सांगायची. तरी भाचा गिऱ्हाइकांना दाखवताना “माझं मशीन” असंच म्हणायचा, आणि ती ते ऐकून घ्यायची.

मशीन अक्षर कापून देतं, कड मात्र चमकवून देत नाही. कापलेली कड पांढुरकी, धुरकट, बारीक रेघांनी भरलेली. ती आधी पात्याच्या पाठीने खरवडायची, मग पाण्यात भिजवलेल्या पॉलिश पेपरने घासायची, आधी खरखरीत पेपर, मग मऊ, मग त्याहून मऊ. शेवटी गॅसच्या छोट्या बत्तीची ज्योत कडेवरून एका दमात फिरवायची. जरा थांबलं तर बुडबुडे येतात, घाई केली तर कड धुरकटच राहते. बरोबर जमलं तर मात्र बघता बघता कड पाण्यासारखी स्वच्छ होते. आत्याला त्या क्षणाचा नाद होता. तिच्या आयुष्यात तेवढी एकच गोष्ट होती जी तिच्या मनासारखी व्हायची.

ज्योतीची एक खोड असते. कड वरून नितळ दिसते, पण आतून ताणलेली राहते. मग तिला स्पिरिट किंवा काच पुसायचा निळा स्प्रे लागला की थोड्या वेळात आत केसासारखे तडे जातात, आणि त्यावर इलाज नाही. एका दंतवैद्याच्या पाटीवर आत्याने हौसेने स्पिरिटचा हात फिरवला होता आणि ती पाटी फुकट गेली होती. तेव्हापासून तिने कानाला खडा लावला. दुकानात कुणी स्प्रेची बाटली उचलली की ती मागच्या खोलीतून ओरडायची, “ज्योतीनंतर नुसतं पाणी!” भाऊ हसायचा, “ताईची आरती सुरू झाली.”

मग भावाने ठरवलं की दुकानाचीच नवी पाटी करायची. काळ्या शीटवर जाड पारदर्शक अक्षरं, मागे दिवे, म्हणजे संध्याकाळी कडा उजळतील. आत्याने आयुष्यात पहिल्यांदा भावाकडे तोंड उघडून काही मागितलं.

“पाटीवर माझंही काहीतरी असू दे.”

“तुझं काय?” भावाने खरंच न समजून विचारलं.

“नाव. नाहीतर नुसतं ‘आणि भगिनी’ चालेल.”

“बघू,” तो म्हणाला.

बघू म्हणजे नाही, हे लहान मुलालाही कळतं. पण आशा लागली की माणूस लहान मुलाहून येडं होतं. तिने आईला मध्ये घातलं. “बोलते मी त्याच्याशी,” आई म्हणाली आणि कूस बदलून झोपली.

भाच्याने पेन ड्राइव्हवर आधी भावाचं नाव दिलं. ते झाल्यावर फक्त एक शब्द दिला, ‘आणि’.

“पुढचं?” आत्याने विचारलं.

“पुढचं ठरतंय अजून. बाबा सांगतील.”

ठरतंय! म्हणजे आई बोलली असणार. तो दिवस आत्या पिसासारखी हलकी होऊन वावरली. ‘आणि’ची वेलांटी तिने अशी घासली की तिच्यातून खिडकीचे गज सरळ दिसायला लागले. एवढ्या दोन अक्षरांवर कुणी इतका जीव लावला नसेल.

दुसऱ्या दिवशी उरलेला शब्द आला. तिने तो काँप्युटरवर उघडला. ‘चिरंजीव’.

तिला रडू आलं नाही. राग आला, आणि रागाहून जास्त स्वतःची लाज वाटली, कालच्या त्या हलकेपणाची. मग तिने शीट लावली, बिट घट्ट केलं आणि मशीन सुरू केलं. वाईट काम कसं करायचं हे तिच्या हातालाच माहीत नव्हतं.

सगळ्यात जास्त छळलं ते ‘रं’वरच्या टिंबाने. हरभऱ्याएवढा तुकडा, कापताक्षणी उडाला आणि सालांच्या ढिगात गडप झाला. आत्या गुडघ्यांवर बसून ढीग चाळत होती तेव्हा भाचा दारातून म्हणाला, “आत्या, दुसरं काप ना. टिंबाची कड कोण बघतंय?” पण तिला तेच सापडलं. एवढंसं टिंब ज्योतीसमोर धरायचं कसं? चिमट्याने वळ उठतात, बोटांना चटका बसतो. शेवटी ज्योत दाखवलीच नाही. मऊ फडक्यावर पॉलिश घेऊन ते तिने दोन बोटांत धरून घासलं, बोटांची टोकं बधिर होईपर्यंत. ज्या शब्दाने तिला बाहेर ठेवलं, त्या शब्दाचं टिंब.

पाटी चढली. संध्याकाळी चार माणसं बोलावली होती. दुपारी भाचा शिडीवर चढला, एका हातात फडकं आणि दुसऱ्या हातात निळा स्प्रे.

आत्या खाली उभी होती. बाटली तिला स्वच्छ दिसत होती. ओरडायला एक क्षण पुरला असता, वाक्य जिभेवरच होतं, वर्षानुवर्षांच्या सवयीचं. भाच्याने पहिल्या अक्षरावर फवारा मारला. मग दुसऱ्यावर. आत्या मूग गिळून गप्प उभी राहिली. त्याने ‘चिरंजीव’ तर दोनदा पुसला, जरा जास्तच प्रेमाने.

संध्याकाळी दिवे लागले, टाळ्या वाजल्या. कडा उजळल्या, आणि कडांच्या आतले हजार बारीक तडेही उजळले. एक पाहुणा मान वर करून म्हणाला, “वा! तडा गेल्यासारखं डिझाइन आहे. नवीन आहे हो.” भाऊ हसला, “हो, हल्ली हेच चालतं.” पण त्याचा चेहरा उतरला होता. आत्याला वाटलं होतं, बरं वाटेल. बरं वाटलं नाही. तडे त्यांच्या नावाला गेले होते, पण कडा तिच्या होत्या.

सकाळी भाऊ शिडीवरून पाटी बघून खाली उतरला. “ताई, हे स्प्रेने झालंय. तुला माहीत होतं ना?”

“होतं.”

“मग त्याला अडवलं का नाहीस?”

आई जिन्यात येऊन उभी होती. “अगं, सांगायचं नाही का? आपलंच दुकान ना!”

“आई, जरा वर बघ,” आत्या म्हणाली. “पाटी वाच. त्यात मी कुठे आहे ते सांग.”

आईने डोळे बारीक करून वाचलं. आधी मुलाचं नाव, मग “आणि... चिरंजीव.” मग म्हणाली, “बरोबर तर आहे. नातू आहे तो. त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काय आहे?”

त्या घरात आजवर कुणी आत्याची कड घेतली नव्हती, आणि आता कुणी घेईल अशी आशाही त्या वाक्याबरोबर संपली.

“झालं ते झालं,” भाऊ म्हणाला. “दुपारपर्यंत पुन्हा कापून दे.”

आत्या शिडी चढली. सगळ्या अक्षरांत तडे होते, ज्योत न लागलेलं टिंब तेवढं स्वच्छ होतं. पात्याचं टोक खाली घालून तिने ते अलगद सोडवलं, खाली उतरली आणि डोळ्यांवरचा कामाचा चष्मा काढून भाच्याच्या हातात दिला.

“मशीन तुझं, दुकान यांचं,” ती म्हणाली. “हे टिंब माझं.”

ती जिना चढून वर गेली. दुसरीकडे जायला तिला जागाच नव्हती. खाटेवर बसून तिने टिंब तळहातावर ठेवलं. थोड्या वेळाने खाली मशीन सुरू झालं. पहिल्या मिनिटातच आवाज जड झाला. शीट वितळत होती, बिटाला चिकटत होती. आत्या सवयीने ताडकन उठली, दारापर्यंत गेली.

मग परत येऊन बसली, आणि बिट मोडल्याचा आवाज येईपर्यंत ऐकत राहिली.