मशीनले जवाई नसते

मामाजी गेले त्या सकाळी मी उमरेड रोडवर गाडीचं बॉनेट उघडून उभा होतो. मामाजी म्हणजे माझे सासरे. आमच्याकडे सासऱ्यांना मामाजीच म्हणतात. कुहीहून सासूबाईंचा फोन आला, "हे उठूनच नाही राहिले, जवाईबुवा…" एवढंच त्या बोलल्या, आणि आम्ही नागपूरच्या प्रताप नगरातून निघालो. माया, माझी बायको, मागच्या सीटवर तोंडावर ओढणी घेऊन पडलेली. घरी माणसं जमतील, पाणी लागेल, या दूरदृष्टीने मी पाण्याची भरलेली मोठी कॅन पुढच्या सीटवर ठेवली होती. शहराबाहेर पडलो आणि गाडी किंचाळायला लागली. थांबेचना. गाडी नवी, पण तिचं माहितीपुस्तक मी अजून प्लास्टिकमधून बाहेरही काढलं नव्हतं. इंजिन गेलं, असं मी ठरवून टाकलं. गाडी बाजूला घेतली, बॉनेट उघडलं आणि सगळं कळणाऱ्या माणसासारखा आत बघत राहिलो. एक ट्रॅक्टरवालाही थांबला. "गरम झाली असंन," तो म्हणाला. मी गंभीरपणे मान हलवली. शेवटी माया उतरली, डोळे पुसले, पुढचं दार उघडून सीटबेल्ट ओढला, कॅनला बांधला आणि परत मागे जाऊन बसली. गाडी गप्प झाली. कुहीपर्यंत आम्हीही.

पाण्याच्या कॅनला पट्टा नाही म्हणून जी गाडी एवढा कांगावा करते, तिला चालवणारा प्यालेला आहे हे मात्र कळत नाही… हा विचार मला त्या दिवशी सुचला. मामाजींना तो फार आधीच सुचला होता.

मामाजी तहसीलच्या जीपवर ड्रायव्हर होते. छप्पन साली वडिलांच्या खांद्यावर बसून नागपूरला दीक्षेला गेलेलं पोर. पुढे नोकरी लागली ती स्टिअरिंगमागे, आणि निवृत्तही तिथूनच झाले. कुठे अपघात झाला की साहेबांना घेऊन त्यांनाच जावं लागे. घरी आल्यावर सासूबाई विचारत, ते काही सांगत नसत. एकदाच म्हणाले होते, "लेकराची चप्पल होती रोडवर. एकच." त्या दिवशी ते जेवले नाहीत, आणि त्यानंतर घरात जे पहिलं कार्य निघालं, त्या कार्यात त्यांनी तो डबा काढला.

बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. लग्न असो, बारसं असो, मामाजी अंगणात खुर्ची टाकून तो मांडीवर घेऊन बसत. येणाऱ्याने गाडीची किल्ली त्यात टाकायची. आत वंदना होई, सगळे हात जोडून पंचशील म्हणत, आणि बाहेर येताच मामाजी बजावत, "चार शील तुमचे तुम्ही पाहा गा. पाचवं, दारूचं, मी पाहतो." निघताना त्यांच्यासमोर उभं राहायचं. "हा कर." जवायांना मान म्हणून "हा करा." ते नाक अगदी तोंडाजवळ आणत, क्षणभर डोळ्यांत बघत, मग किल्ली हातात ठेवत. नाहीतर म्हणत, "चहा घ्या, बसा." बसा म्हणजे अंगणातल्या खाटेवर, ऊन उतरेपर्यंत. लग्नानंतर पहिल्याच खेपेला मला त्यांनी खाटेवर बसवलं. मी थेंबालाही शिवलो नव्हतो. पण घाम इतका फुटला होता, की "हा" करायच्या ऐवजी मी नमस्कारच केला. खाटेवर आधीच बसलेल्या एका अस्सल पिणाऱ्याने माझ्या खांद्यावर हात टाकला. "जवाईबुवा, कोनती होती?" सकाळी घेतलेल्या खोकल्याच्या औषधाचा वास आला असेल, अशी मी माझी समजूत घातली.

शेवटची भेट झाली तेव्हाही विषय हाच निघाला. माझा साळा प्रशांत नागपूरच्या पार पलीकडे, पारशिवनीला असतो. तोही आला होता. मोबाइलवर कुठेतरी वाचून तो सांगत होता, की प्रत्येक नव्या गाडीत एक यंत्र सक्तीचं करावं अशी चर्चा आहे. आधी त्यात फुंकायचं. दारू सापडली तर गाडी सुरूच होणार नाही. प्रशांत तापला होता. "चार जण पेतात म्हणून साऱ्यायच्या गाडीले कुलूप काहून? अन् मशीनच बिघडली, इकडं घरात कोणाच्या छातीत दुखून राहिलं, तवा काय गाडीले हात जोडू?" मला दोन्ही बाजूंनी बोलायची जुनी खोड. मी म्हणालो, मुद्दा बरोबर आहे, शिवाय दुसऱ्याकडून फुंकून घेतलं तर? मामाजी खाटेवर पडल्या पडल्या ऐकत होते.

"फुंकणारा भेटन," ते म्हणाले, "मशीन बिघडन बी. तरी लावा म्हणा."

"काहून पण, बाबा?"

"मी किती अंगणात बसू डबा घेऊन?… अन् मशीनले जवाई नसते गा. साळा नसते. तिले कोणाची भीड नाही." मग माझ्याकडे बघून हसले. "तुम्ही राग नका मानू, जवाईबुवा."

मामाजींच्या पुण्यानुमोदनाला, म्हणजे गेलेल्यासाठीच्या वंदनेला, कुहीला सगळे जमले. कोणी न सांगता प्रत्येकाने किल्ली डब्यात टाकली. डबा अंगणात मामाजींच्या फोटोशेजारी ठेवलेला होता. जेवणं उरकली, दुपार कलली, आणि सासूबाईंनी तो डबा उचलून सरळ माझ्या मांडीवर आणून ठेवला. "थोरले जवाई तुम्ही. आता तुम्हीच पाहा."

पण महासाथीतल्या त्या तापापासून मला वास येत नाही. उदबत्तीचा नाही, फोडणीचा नाही. हे मायाशिवाय कोणालाच ठाऊक नव्हतं. आणि त्या माउलीच्या तोंडाकडे बघून ते सांगायचं धाडस मला झालं नाही. मी नाक पुढे करून एकेकाला सोडत राहिलो. एक काका तर म्हणाले, "हुबेहूब तुमच्या सासऱ्यावाणीच पाहता!" मी ओशाळून हसलो.

मग प्रशांत आला. जेवणानंतर तो मित्रांबरोबर शेताकडे गेला होता आणि बऱ्याच वेळाने परतला होता. तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा. डोळे लाल. पण ज्याचा बाप गेला, त्याचे डोळे लाल नसतील तर कसे असतील? चाल सरळ होती. बोलणं मोठ्याने, पण ते नेहमीच. त्याची बायको पुढे बसली होती, दोन्ही मुली मागच्या काचेला नाकं लावून मला वेडावत होत्या. प्रशांतने वाकून "हा" केला. मला काही म्हणजे काही आलं नाही. नुसती कोमट हवा.

"झालं ना, भाऊजी? द्या."

"चहा घे ना."

"घेतला. पारशिवनी गाठायची हाय, अर्ध्या रस्त्यात अंधार होईन."

माणसं बघत होती. मी त्याच्या कानाशी गेलो. "प्रशांत, मले वासच येत नाही गा. तूच सांग."

तो दचकला. आधी बापाच्या फोटोकडे बघितलं, मग जमिनीकडे. गाडीकडे मात्र नाही. "नाही घेतली," म्हणाला.

मी किल्ली दिली. बापाच्या पुण्यानुमोदनाला मुलाला चारचौघांत खाटेवर बसवायचं, याला जी छाती लागते ती मामाजींकडे होती, आणि त्या यंत्राकडे असेल. मी पडलो जवाई. धूळ उडवत गाडी वळणाआड गेली, तेव्हा त्या पोरी अजून हात हलवत होत्या.

आम्हीही मागोमाग निघालो. रस्त्याच्या कडेला उभी दिसेल ती प्रत्येक गाडी मी बघत होतो. रंग वेगळा दिसला की श्वास सुटायचा. माया फोन लावत होती. रिंग जात होती, कोणी उचलत नव्हतं. "चालवत असंन," मी म्हणालो. "त्याची बायको तं नाही ना चालवून राहिली, तिनं तं उचलावं," ती म्हणाली. घरी पोचलो, चहा केला, तो तसाच राहिला. मी उठून बसत होतो, बसून उठत होतो. यंत्र असतं तर चुकलंही असतं, बिघडलंही असतं, पण निदान मला विचारलं नसतं… शेवटी मायाचा फोन वाजला. थोरली पोर बोलत होती.

"आत्या, आम्ही पोचलो. पप्पा तं येऊन झोपून बी गेले."

दिवेलागणही पुरती झाली नव्हती; तो तर अर्ध्या रस्त्यातच अंधार होईल म्हणाला होता.

मायाने फोन ठेवला. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "मामाजी असते तर एका क्षणात ओळखलं असतं त्यांनी. काय नाक होतं!"

"बाबाले वास येतच नव्हता," ती म्हणाली. "नाकातलं हाड वाढलं होतं त्यायचं, मी शाळेत होती तवापासून. ऑपरेशन करू नाही देल्लं. ते नुसते तोंडाकडे पाहत."

तिने गार झालेला कप माझ्यापुढून उचलला.

"चुकतही होते," ती म्हणाली. "सारे आपापल्या घरी पोचले, म्हणून समजलं नाही."