रफिकचाचांचे शुक्रवार

महिन्यापूर्वी अमरावतीत तास संपवून वर्गाबाहेर आले, तोच रफिकचाचांच्या मुलीचा, शबानाचा फोन. "ताई, अब्बू गेले…"

रफिकचाचांचं अकोल्यात, बसस्टँडजवळ, इंटरनेट कॅफे होतं. मी तेव्हा जनुकशास्त्रात पीएच.डी. करत होते. गावोगाव कापूस हातचा जात होता, ती वर्षं. कापसाची काही जुनी देशी वाणं कीड कशी सोसतात, हे मी त्यांच्या जनुकांची अक्षरं संगणकावर ताडून शोधत होते. विभागातला एकुलता संगणक या कामाला पुरेना. शुक्रवारी दुपारी चाचा नमाजला जायचे, दुकान बंद असायचं. "सहा मशीना खालीच राहतेत. चालव तुहं काम," म्हणत त्यांनी किल्लीच माझ्या हातावर ठेवली. असे दीड वर्षाचे शुक्रवार!

एकदा निकाल अगदी हवे तसे आले. मी खुशीत कागद गोळा करत होते. पडताळणीसाठी पहिला भाग सहाही संगणकांना सारखाच दिलेला असे. सहांची उत्तरं जुळतात का, ते पाहायचा त्या दिवशी मी कंटाळा केला. नमाजहून परतलेल्या चाचांनी ते पाहिलं.

"बेटी, चार नंबरची मशीन अलगच आकडा काहून देऊन राहिली?"

"थोडासाच फरक हाय, चाचा. उद्या सरांले दाखवाचं हाय मले."

"आन् ह्या आकड्यावर कोनी कास्तकार पेरन, तं?"

मला रागच आला. दुकान, किल्ली त्यांची. पण संशोधन माझं ना… तरी दुसऱ्या दिवशी मार्गदर्शकांना खरं तेच सांगितलं. त्या संगणकावर प्रोग्रॅमची जुनी आवृत्ती राहून गेली होती. चार महिन्यांचं काम पुन्हा केलं. निकाल पहिल्याइतका झगझगीत आला नाही, पण टिकला. त्यावरच पदवी मिळाली, पुढे नोकरीही.

चाचा गेल्यावर त्याच आठवड्यात भेटायला गेले, तेव्हा शबानानं मी त्यांना दिलेला प्रबंध आणून दाखवला. इंग्रजी त्यांना फारसं येत नसे. तक्ते मात्र एकूण एक वाचलेले. एका तक्त्यात वाणं बेचाळीस, पुढच्यात एक्केचाळीस. शेजारी पेन्सिलीनं लिहिलं होतं, "एक कुठी गेलं?"

कुठल्याच गटात बसत नव्हतं, म्हणून मोर्शीकडचं एक वाण मी गाळलं होतं. चाचांनी मला कधी विचारलं नाही… माझी एक विद्यार्थिनी आता तेच वाण घेऊन पीएच.डी. सुरू करते आहे. कालच ती मोर्शीला जाऊन त्याचं मूठभर बी घेऊन आली.