पाठीमागचा भाता

इथे आखातात, बुसैतीनला आमच्या वरच्या मजल्यावर एक आयरिश बाई राहते. पेशानं नर्स, एकटी, जिभेनं तिखट. माझी जीभही तशीच असल्यामुळे आमचं चांगलं जमतं.

तिच्याकडे तिच्या वडिलांची बॅगपाइप आहे. बॅगपाइप म्हटलं की आपल्याला लष्करी बँडमधले गाल फुगवलेले शिपाई आठवतात. हिची तशी नाही. ही घरात, खुर्चीवर बसून वाजवायची आणि तोंड न लावता. उजव्या कोपराखाली छोटा भाता, डाव्या काखेत कातडी पिशवी. भात्यानं पिशवीत हवा भरायची आणि पिशवी दाबून ती नळीत सोडायची. नळीवर बोटं चालतात, आणि मांडीवर आडव्या पडलेल्या आणखी तीन नळ्या तंबोऱ्यासारखा एकच सूर धरून बसतात. तोंड मोकळं राहत असल्यामुळे वाजवता वाजवता भांडताही येतं, असं ती सांगायची.

मागच्या वर्षी तिच्या उजव्या स्तनाचं ऑपरेशन झालं. काखेतल्या गाठीही काढल्या आणि नंतर तो हात सुजायला लागला. डॉक्टरांनी बजावलं, कोपरानं सारखं दाबायचं काम बंद. म्हणजे भाता खलास.

एका संध्याकाळी मी तिला साबुदाण्याची खिचडी द्यायला गेले, तर ती ते वाद्य टॉवेलमध्ये गुंडाळत होती. पुतण्याला पाठवून देणार म्हणाली. मला मदतीची फार हौस. लगेच म्हटलं, "थांब, भाता मी दाबते, तू वाजव."

तिनं टॉवेल खाली ठेवला. "ऑपरेशन झाल्यापासून कुणी माझी बटणं लावतं, कुणी बाटलीचं झाकण उघडून देतं. सगळे चांगले आहेत. पण हे एक मला एकटीनं करायचं होतं. दुसऱ्यानं दाबून वाजणार असेल तर नकोच मला ते."

मी खिचडी ठेवून निघाले. मी एसीच्या डक्टचं डिझाइन करते. हवा इकडून तिकडे नेणं हाच माझा धंदा, आणि एवढी ओंजळभर हवा मला एका पिशवीत घालता येऊ नये, याचा खाली येईपर्यंत मला भयंकर राग आला होता.

आधी मी विजेवर चालणारा लहानसा ब्लोअर लावून दिला. हवा सरळ येत होती, माझ्या मते काम फत्ते. ती थोडा वेळ वाजवून म्हणाली, "माझ्या बाजूला फ्रिज गातोय." खरंच गात होता.

मग मला वडील आठवले. ते हौशी संगीत नाटकांत ऑर्गन वाजवायचे, पायांनी हवा आणि हातांनी सूर. तेच इथे करायचं ठरवून मी पिशवी उचलली आणि ईसा टाउनला आमचे सोफे शिवणाऱ्या भाईंकडे गेले. भाई रत्नागिरीकडचे. पिशवी उलटसुलट करून म्हणाले, "ताई, सोफा सांगा, कुशन सांगा. ह्या बकऱ्याचा पोट घेवन कशाला आल्याव?" मी सगळं सांगितलं. बाईच्या दुखण्याचं ऐकल्यावर त्यांनी पिशवी ठेवून घेतली, आणि पुढच्या जुम्म्यापर्यंत चामड्याच्या घड्या घालून त्यांनी फळ्यांमध्ये सुबक पायभाता बसवून दिला.

पायभाता उत्तम चालला. संथ चीज तिनं पुरी वाजवली. मग तिनं नाचाची जलद गत धरली, आणि सूर उचक्या द्यायला लागला. आम्ही वाकून बघितलं, तर तिचा पाय तालावर आपटत होता! आपल्याकडे ताल मांडीवर हातानं धरतात, नाहीतर तबलजी असतोच. ऑर्गनवाल्याचे पाय हवेसाठीच. वाजवणाऱ्या माणसाचा पाय आधीच कामात असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. दुसरा पाय घेऊ म्हटलं तर त्या मांडीवर नळीचं तोंड टेकवून बंद करावं लागतं, ती मांडी हलून चालत नाही. तिनं पाय दाबून ठेवून पुन्हा प्रयत्न केला. सूर सगळे बरोबर आले, पण गत पार मेली.

"पाय थांबला की मी थांबते," ती म्हणाली, हसली, आणि मग रडायलाच लागली. ऑपरेशनच्या वेळी न रडलेली बाई माझ्या भात्यापायी रडली. मला स्वतःला चार चपराका माराव्याशा वाटल्या.

भाता परत करायला भाईंच्या दुकानात गेले आणि वैतागून समोरच्या नव्या रेक्झिनच्या खुर्चीत पाठ टेकली. पाठीमागून लांबलचक 'फुस्स' झालं. भाई ओशाळले. "हवा जायला भोकां ठेवावी लागतात ताई, नाय तर उशी फुगून बसते." मी पुढे झाले, पुन्हा मागे टेकले. पुन्हा फुस्स. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो.

वाजवताना बाईच्या पाठीला काहीच काम नव्हतं. भाईंनी खुर्चीच्या पाठीत भाता बसवला, तो आपोआप उघडावा म्हणून आत स्प्रिंग घातली आणि डाव्या बाजूनं पिशवीपर्यंत रबरी नळी काढली. मागे रेलायचं की हवा पिशवीत, पुढे यायचं की भाता भरला. पहिल्या खेपेला बाईची पाठ दुखू नये म्हणून त्यांनी मायेनं इतका जाड फोम भरला की भात्याला दाब पोचेचना. तो उसवून पातळ केला. "आजारी मानसाला मऊ लागतंय," असं भाई तोपर्यंत पुटपुटतच होते.

खुर्ची वर नेली त्या दिवशी आधी नुसतं बकरीचं ओरडणं निघालं. एसीनं नळीतली सूर काढणारी पाती सुकली होती. तिनं एसी बंद करून खिडक्या उघडल्या, आणि आम्ही तिघं घामानं निथळत बसलो. मग सूर लागला. ती सावकाश मागे रेलत होती, पुढे येत होती, आणि खाली पाय आपल्या मर्जीनं आपटत होता. एकाचा दुसऱ्याला त्रास नव्हता. भाई हळूच "माशाल्ला" म्हणाले. मी रेकॉर्ड करायला फोन काढला.

तिनं वाजवणं थांबवलं. "आता तुम्ही दोघं जा."

"अगं, चहा तरी—"

"चहा नंतर. आधी जा. यल्ला."

आमच्या पाठीमागे दार बंद झालं. खरं सांगते, मला राग आला. एवढी धावपळ करून एक गत पुरी ऐकू देऊ नये? भाईंना पिकअपपर्यंत पोचवायला खाली आले, तरी मी धुसफुसतच होते. उघड्या खिडकीतून सूर पार्किंगमध्ये येत होता. मध्येच तो कण्हल्यासारखा झाला आणि तुटला.

मी लिफ्टकडे धावले. नळी निसटली असणार, मला ती बसवता येते.

"ताई, नको जाव," भाई मागून म्हणाले. "तिनं हाक मारलीय काय?"

मी लिफ्टच्या दारात उभी राहिले. वर बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग एक फुसका आवाज झाला, नंतर दुसरा, आणि तीच गत पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. वर तिच्याजवळ कुणीही नव्हतं. मला तिथंच रडू फुटलं.