रोलच्या पोटातली कड

कारखान्यात सगळे तिला आत्या म्हणत. खरी आत्या ती एकाचीच, दुसऱ्या शिफ्टच्या साहेबाची. तो तिच्या भावाचा मुलगा. तिनेच त्याला इथे चिकटवला आणि पहिले सहा महिने त्याच्याकडून नुसते धुळीचे ट्रे घासून घेतले. तो 'आत्या, आत्या' करत मागे फिरायचा, ते ऐकून बाकीच्यांनीही तेच नाव उचललं.

ग्रीसने माखलेले हात तिला चालत. घामाचा वास चाले. अर्धवट सोडलेलं काम दिसलं की मात्र तिच्या तोंडाची चव जाई. कप विसळून उपडा न ठेवणाऱ्याशी ती दिवसभर बोलत नसे.

काम तांब्याच्या फॉइलचं. जाडी केसाच्या नवव्या हिश्शाएवढी. जवळ श्वास सोडला तरी थरथरते. बॅटरी बनवणाऱ्यांना तिचे रोल लागतात, आणि रोलच्या एका कडेला ठरावीक अंतरावर चौकोनी कान कापलेले लागतात. ते लेसर कापतो. आत्याने ती मशीन अकरा वर्षं चालवली. मग पाठ गेली. एक रोल चढवायला दोन माणसं आणि ट्रॉली लागते, आणि ट्रॉली निम्म्या वेळा जागेवर नसते.

तेव्हापासून ती तपासणीच्या टेबलावर होती. रोलच्या दोन्ही टोकांचा वीतभर तुकडा काढायचा आणि मायक्रोस्कोपखाली कड बघायची. कड सरळ हवी. तिथे वितळलेल्या तांब्याचा दाणा राहिला, तर तो बॅटरीतला प्लास्टिकचा पातळ पडदा भोसकतो आणि बॅटरी पेटते. कुणाच्या खिशात की कुणाच्या उशाशी, ते आधी कळत नाही. कड बरी असली की आत्या चिठ्ठीवर सही करी. त्या सहीशिवाय रोल बांधला जात नसे.

मशीनखालच्या ट्रेमध्ये कापताना उडालेली धूळ साठते. ते ट्रे रिकामे करणं आता तिचं काम नव्हतं, पण दुसऱ्याने केलेलं तिला पटत नसे. त्या गुरुवारी दुपारी तिने दुसऱ्या मशीनचा ट्रे ओढला आणि सवयीने चिमूटभर धूळ बोटांत चोळली. चांगली कापणी असली की धूळ काजळासारखी मऊ असते. ही रवाळ लागली. तिने पुन्हा चोळली. बोटांना दाणे टोचले.

टेबलावर त्याच मशीनचे बारा रोल सहीसाठी थांबले होते. तिने चोवीसच्या चोवीस टोकं बघितली. एकाही कडेला दाणा नव्हता.

मशीनवरच्या माणसाला शिट्टी म्हणत, कारण तो काम करताना शिट्टी वाजवी. आत्याने विचारलं, "काच कधी बदललीस?"

लेन्सच्या खाली एक काच असते. तांब्याचे शिंतोडे तिच्यावर बसतात. ती मळली की किरण फाकतो आणि कड कापली न जाता वितळते. काच रोज बदलायची असते. त्यासाठी मशीन वीस मिनिटं थांबवावी लागते.

"सोमवारी," शिट्टी म्हणाला. "पण पुसतो की. रोल लावला की एकदा, आणि शेवटचे पन्नास मीटर उरले की एकदा. टोकं बघा कशी चकाचक येतात."

"कशाने पुसतोस?"

त्याने हातमोज्याचा अंगठा दाखवला. तो काळा कुळकुळीत होता.

"आणि मधले हजार मीटर?"

"मधे कोण बघतंय? तुम्हीसुद्धा टोकंच बघता, आत्या."

"ही अक्कल कुणाची?"

"साहेबांची. तीन आठवडे झाले. आठवड्याला दोन रोल जास्त निघतात," तो म्हणाला आणि शिट्टी वाजवत कामाला लागला.

तीन आठवडे. म्हणजे तिचं टेबल कुठे बघतं हे हेरून तेवढीच जागा धुतली जात होती, आणि खाली ती सही करत होती. तिला भाच्याची किळस आली. त्याहून जास्त स्वतःच्या उजव्या हाताची आली.

भाचा केबिनमधून उठूनच आला. "आत्या, ट्रक दोन तासांत येतोय. सह्या राहिल्यात."

"मधला तुकडा काढणार आहे."

"मधे कापलं की एका रोलचे दोन होतात. जोड असलेला रोल ते घेत नाहीत, तुला माहीत आहे. आणि आत काही निघालंच नाही तर?"

"तर मी चांगला रोल फाडला. मग मला घरी बसव."

त्याने आवाज खाली आणला. "आज सही कर. उद्यापासून काच रोज बदलतो. शब्द देतो तुला."

"म्हणजे आज मळकी आहे हे तुला ठाऊक आहे."

तो फोनकडे बघू लागला.

ट्रॉली नव्हतीच. पॅकिंगच्या दोन बायकांना हाताशी धरून तिने पाठीचं जे व्हायचं ते होऊ दिलं आणि रोल स्टँडवर चढवला. पाचशे मीटर उलगडायला पाऊण तास लागला. फाडायचाच रोल, तरी तिने त्याला एक सुरकुती पडू दिली नाही. पडली असती तर दाणे हाताळताना आले, असं म्हणायला वाट मिळाली असती.

तिने पात्याने वीतभर तुकडा काढला आणि मायक्रोस्कोपखाली ठेवला. कडेला मुंग्यांच्या अंड्यांसारखी तांब्याच्या दाण्यांची रांग लागली होती. ती उठली आणि खुर्ची भाच्याला दिली.

त्याने बराच वेळ डोळा लावून ठेवला. "हा एक रोल झाला," तो म्हणाला. "बाकीच्या अकरांत नसेलही."

आत्याने पातं त्याच्यापुढे धरलं. "काप."

त्याने हात पुढे केला नाही. एव्हाना पाच-सहा जण भोवती जमले होते. ते दिसल्यावर त्याने ट्रकवाल्याला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाला, "तपासणी झाल्याशिवाय माझ्याकडून माल जात नसतो." पॅकिंगची एक बाई तोंडावर पदर धरून हसली. आत्याला हसूही आलं नाही. याच्याकडून सहा महिने ट्रे घासून घेतले ते वाया गेले, एवढंच तिला वाटलं.

तिने जुन्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढला. त्या मशीनचे तीन आठवड्यांत शेहेचाळीस रोल तिच्या सहीने बाहेर गेले होते. तिने कोरा कागद घेतला, एकेक नंबर उतरवला आणि खाली लिहिलं: या रोलची फक्त टोकं बघितली आहेत, मधली कड बघितलेली नाही, वापरू नयेत. मग सही केली.

भाचा मागे येऊन उभा राहिला होता. "हा कागद वर गेला तर माझी खुर्ची जाईल, आत्या."

"जाईल. तुझ्या आधी माझी सही आहे त्यावर."

"आत्या, निदान घरचा माणूस म्हणून..."

"आत्या घरी," ती म्हणाली. "इथे तपासणी."

ती बेसिनशी गेली आणि साबणाने दोनदा हात धुतले. वास घेऊन बघितला. तांब्याचा वास होताच. तिसऱ्यांदा धुतले, कोरडे पुसले आणि कागद घेऊन मोठ्या साहेबांकडे जिना चढू लागली.