नबीसाबची फुकटातली भोकं

मैंदर्गीचा प्रभुलिंग सोलापुरात, नवी पेठेतल्या एका माडीवर, परदेशातून येणाऱ्या मालाचे सरकारी कागद करतो. जगातल्या प्रत्येक वस्तूला सरकारने एक आकडा दिलेला आहे आणि त्या आकड्यावरून तिची जकात ठरते, हे त्याला बावीस वर्षांपूर्वी कुणीतरी सांगितलं. तेव्हापासून त्या जिवाला चैन नाही. पंगतीत शेंगाचटणी आली की हा विचार करणार, हिला शेंगदाण्यात घालावी की मसाल्यात? तोवर वाढपी पुढे गेलेला असतो. बायको बसम्मा म्हणते, "मला कुठल्या आकड्यात घातलंय तेवढं सांगून ठेवा."

पण या बावीस वर्षांत त्याचा एकही कागद खोटा ठरलेला नाही. याचा त्याला अभिमान आहे, आणि धास्तीही तितकीच.

गेल्या महिन्यात नबीसाबचे खांब आले. नबीसाब लाकडाचे व्यापारी. डोंगरातल्या वस्त्यांना वीज नेणाऱ्या ठेकेदारासाठी त्यांनी चारशे लाकडी खांब बाहेरून मागवले होते. साल काढलेलं, वाळवी लागू नये म्हणून औषध पाजलेलं गोल लाकूड. प्रभुलिंगने ते कच्च्या लाकडात घातलं; तिथे जकात कमी. कागद दाखल करायच्या आदल्या दिवशी नबीसाब खुशीत माडी चढून आले.

"अण्णा, गंमत सांगतो. सौदा ठरल्यावर मी तिकडच्या व्यापाऱ्याला म्हटलं, वर कायतरी द्या की! आमच्या पोरीकडनं, शाइस्ताकडनं, इंग्रजीत मेल लिवून घेतली. गडी म्हणाला, बोल्टाची भोकं फुकट पाडून देतो."

प्रभुलिंगच्या कपातला चहा शर्टावर आला. "भोकं? यप्पा! किती खांबांना?"

"सगळ्यास्नी की!"

भाजी घेतल्यावर वर कोथिंबिरीच्या चार काड्या मागायच्या ही आपल्याकडची रीतच. पण ती समुद्रापार नेणारे नबीसाब पहिलेच असावेत.

"अहो, भोक पाडलं की जकातीचा सायेब म्हणंल, हे नुसतं लाकूड न्हाय, तयार वस्तू हाय. जकात वाढंल!"

"भोकात काय असतंय? हवा. हवेवर जकात?"

"तो म्हणंल का न्हाय, तेबी नक्की न्हाय. तीच तर कटकट हाय."

"मग लिवा की कच्चं लाकूड! भोकं बघायला कोण बसतंय?"

"आन् बघितली तर? बावीस वर्षांचं नाव जाईल माझं."

"न्हाय लिवलं तर मी दुसरीकडं जातो," नबीसाब म्हणाले, आणि आपल्या कपातला अर्धा चहा त्याच्या कपात ओतला.

संध्याकाळभर प्रभुलिंग पेठेत येरझाऱ्या घालत होता. दिसेल त्या खांबापाशी थांबून बोल्टाला बोट लावून बघायचा. एक रिक्षावाला ओरडला, "ओ मालक, करंट बसंल की!" जेवताना त्याने भाकरी दिव्यासमोर धरली. "बसम्मा, हिला भोक पडलं तर ही भाकरीच ऱ्हाती का?"

"ऱ्हाती. पण उद्यापासनं तुमी थापायची."

सकाळी त्याने कागदावर लिहिलं: खांबांना भोकं असण्याची शक्यता आहे, माल आधी उघडून पाहावा, मग आकडा ठरवावा. अशी विनंती नियमात बसते. फक्त तोवर माल बंदरात अडकून पडतो आणि भाडं चढतं. नबीसाबनी फोनवरून जे सुनावलं त्यातलं छापण्याजोगं एवढंच: "दोस्त हाय का दुश्मन?"

तीन दिवस प्रभुलिंग जेवला असेल-नसेल. दर पाच मिनिटांनी संगणकात डोकावायचा, मग जिन्यात जायचा, परत यायचा. नबीसाब अबोला धरून समोरच्याच बाकावर ठाण मांडून होते.

चौथ्या दिवशी अहवाल आला. प्रभुलिंगने तो मोठ्याने वाचला. चारशेपैकी छत्तीस खांबांना भोकं. ते तयार वस्तूंत. बाकीचे कच्च्या लाकडात. कागदात लपवाछपवी नाही.

"छत्तीस?" नबीसाब लालबुंद होऊन उठले. "सगळ्यास्नी म्हणाला होता! फसवलं की मला! आत्ता मेल करतो, बाकीची भोकं कुटं हायेत म्हणून..."

प्रभुलिंगने त्यांच्या हातातून फोन काढून घेतला, खणात टाकला आणि कुलूप लावलं. माल बंदराबाहेर पडल्याचा कागद दुपारी आला. तोवर नबीसाब खणाशी वाकून आत वाजणाऱ्या फोनला सांगत होते, "शाइस्ता, थांब बेटा, अण्णा किल्ली देत न्हायत."